अब्राहाम लिंकन: युद्ध आणि राज्याधिकार

युद्ध रणभूमीवर लढले जाते, परंतु त्याचे परिणाम तेवढ्याच भूमीवर राहत नाहीत. युद्ध सुरू होताच राज्यकर्त्याच्या हाती एरवी नसलेला अधिकार येतो. नवे कर बसतात, तरुण फौजेत भरती होतात, सरकारावर टीका करणाऱ्यांची तोंडे बंद केली जातात, आणि परराष्ट्रांशी असलेले संबंध थोडक्या दिवसांत पालटतात. उलटपक्षी, शांततेच्या काळात जे न्यायाचे काम कोणाच्याने झाले नाही, तेही कधी कधी युद्धाच्या भट्टीत घडून येते. दावीद राजाने उरीया हित्ती याचा घात केला तो युद्धाच्या आडोशानेच, हे वाचकांस ठाऊक आहेच. रब्बा नगराला वेढा पडलेला असताना एक शिपाई पडला तर कोण विचारणार, असे त्याला वाटले. परंतु देवाने नाथान संदेष्ट्याला पाठवून त्याला जाब विचारला. युद्धकाळी हाती आलेला अधिकार मनुष्य कशाकरिता वापरतो, आणि काम संपल्यावर तो सोडण्यास तयार असतो की नाही, यावरून राज्यकर्त्याची परीक्षा होते. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचे सोळावे अध्यक्ष अब्राहाम लिंकन यांच्यावर ही परीक्षा फार कठीण रीतीने आली. म्हणून त्यांचे चरित्र येथे थोडक्यात देत आहो.

लिंकन यांचा जन्म १८०९ च्या फेब्रुवारी महिन्याच्या १२ व्या तारखेस केंटकी प्रांतात लाकडाच्या ओंडक्यांनी बांधलेल्या एका झोपडीत झाला. बाप शेतकरी व सुतार. १८१६ साली हे कुटुंब इंडियाना प्रांतातील रानात राहावयास गेले आणि १८१८ साली आई वारली; तेव्हा अब्राहाम नऊ वर्षांचे होते. पुढल्या वर्षी बापाने दुसरे लग्न केले. सावत्र आई सेरा हिने या पोरक्या मुलांना पोटच्या मुलांप्रमाणे वागविले व अब्राहामास वाचनाची आवड आहे असे पाहून तिला उत्तेजन दिले. सर्व मिळून एक वर्षभरही त्यांना शाळा लाभली नाही. झाडे तोडावी, कुंपणाचे खांब फोडावे, आणि मिळालेल्या फुरसतीत उसनी पुस्तके वाचावी, असे त्यांचे बालपण गेले. पवित्र शास्त्र त्यांनी इतके वाचले होते की पुढे त्यांच्या भाषणांत त्यातील भाषा सहज उतरत असे. मोठेपणी कोणत्याही मंडळीचे ते रीतसर सभासद झाले नाहीत, ही गोष्टही सत्याला धरून सांगितली पाहिजे. १८३० साली कुटुंब इलिनॉय प्रांतात गेले. तेथे लिंकन यांनी दुकानात नोकरी केली, टपालाचे काम पाहिले, जमीन मोजणीचे काम केले, स्वतःच्या श्रमाने कायदा शिकून १८३६ साली वकिलीची सनद मिळविली व प्रांताच्या कायदेमंडळात आठ वर्षे काम केले.

१८४७ साली ते देशाच्या प्रतिनिधिसभेत जाऊन बसले. त्या वेळी अमेरिकेचे मेक्सिको देशाशी युद्ध चालू होते. मेक्सिकोने आमच्या भूमीवर आमच्या लोकांचे रक्त सांडले, म्हणून युद्ध करणे भाग पडले, असे अध्यक्ष जेम्स पोल्क यांचे म्हणणे होते. लिंकन यांनी सभेत ठराव आणून विचारले की, ते रक्त नेमक्या कोणत्या जागी सांडले, आणि ती जागा खरोखर आपली होती काय, हे अध्यक्षांनी दाखवावे. अध्यक्षाने आपल्या एकट्याच्या मताने देशाला युद्धात लोटावे, ही गोष्ट त्यांना राज्यघटनेच्या विरुद्ध वाटत होती. युद्धाच्या जोशात असे प्रश्न लोकांस आवडत नाहीत. लिंकन यांच्या स्वतःच्या मतदारांत त्यांची टवाळी झाली, आणि पुढल्या निवडणुकीत ती जागा त्यांच्या पक्षाच्या हातून गेली. ते परत येऊन वकिली करू लागले. ज्या मनुष्याने अध्यक्षाच्या युद्धाधिकारास असा जाब विचारला, त्याच्याच हाती तेरा वर्षांनी त्याहून कितीतरी मोठा युद्धाधिकार येणार होता.

मेक्सिकोकडून जिंकलेल्या विस्तीर्ण मुलखामुळे गुलामगिरीचा प्रश्न अधिकच पेटला. अमेरिकेच्या दक्षिणेकडील संस्थानांत कापसाच्या मळ्यांवर निग्रो दासांकडून काम करून घेत. त्यांची खरेदी-विक्री गुराढोरांप्रमाणे होई. नवरा-बायको, आई-मुले यांची ताटातूट करण्याचा मालकाला हक्क होता. १८६० साली अशा दासांची संख्या सुमारे ४० लाख होती. नव्या मुलखात ही चाल पसरू द्यावी की नाही, यावरून उत्तर व दक्षिण यांच्यात वाद माजला. १८५४ साली कॅन्सस व नेब्रास्का या मुलखांत तिला वाट करून देणारा कायदा झाला, तेव्हा लिंकन पुन्हा राजकारणात उतरले. जेथे गुलामगिरी आहे तेथे तिला हात घालण्याचा मध्यवर्ती सरकारला अधिकार नाही, परंतु नव्या मुलखात तिला पाऊल ठेवू देऊ नये, असे त्यांचे मत होते. १८६० च्या नोव्हेंबरात ते अध्यक्ष निवडले गेले. चार उमेदवार असल्यामुळे त्यांना शेकडा सुमारे ४० मतेच मिळाली होती. १८६१ च्या मार्च महिन्यात त्यांनी कारभार हाती घेण्यापूर्वीच दक्षिणेकडील सात संस्थाने फुटून निघाली. एप्रिलच्या १२ व्या तारखेस चार्ल्स्टन बंदरातील समटर किल्ल्यावर दक्षिणेने तोफा डागल्या आणि यादवी युद्धास आरंभ झाला. त्यानंतर आणखी चार संस्थाने फुटली.

त्या वेळी कायदेमंडळाची बैठक चालू नव्हती. लिंकन यांनी ती जुलैच्या ४ थ्या तारखेस बोलाविली. परंतु मधल्या अकरा आठवड्यांत एकट्याच्या हुकमाने त्यांनी ७५,००० स्वयंसैनिक मागविले, फौज व आरमार वाढविले, आणि दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी जाहीर केली. मेरीलंड प्रांतातील लोक राजधानीकडे येणाऱ्या पलटणींची वाट अडवू लागले, तेव्हा त्या वाटेवर हेबिअस कॉर्पसचा हक्क त्यांनी तहकूब केला. कैद केलेल्या मनुष्याला न्यायाधीशापुढे उभे करून कैदेचे कारण दाखविले पाहिजे, असा हा जुना हक्क आहे. सरन्यायाधीश टॉनी यांनी निर्णय दिला की, हा हक्क तहकूब करण्याचा अधिकार कायदेमंडळाचा आहे, अध्यक्षाचा नव्हे. लिंकन यांनी तो निर्णय मानला नाही. एक कायदा जपण्यासाठी बाकीचे सर्व कायदे व राज्यच बुडू द्यावे काय, असा त्यांचा युक्तिवाद होता. पुढे १८६३ साली कायदेमंडळाने त्यांना तो अधिकार कायद्याने दिला. युद्ध संपेपर्यंत हजारो लोक चौकशीवाचून तुरुंगात पडले. ओहायो प्रांतातील व्हॅलंडिगॅम नावाच्या पुढाऱ्याने युद्धाविरुद्ध भाषण केले म्हणून फौजी न्यायमंडळाने त्याला कैद ठोठावली. लिंकन यांनी ती शिक्षा बदलून त्याला दक्षिणेच्या हद्दीत सोडून दिले. एका सेनापतीने शिकागो शहरातील एक विरोधी वर्तमानपत्र बंद केले, तेव्हा मात्र लिंकन यांनी तो हुकूम रद्द केला.

युद्धाने देशाचा घरचा कारभारही पालटला. खर्च भागेना म्हणून १८६१ साली मध्यवर्ती सरकारने पहिल्या प्रथम प्राप्तीवर कर बसविला आणि पुढल्या वर्षी कागदी चलन काढले. दक्षिणेचे प्रतिनिधी सभा सोडून गेल्यामुळे जे कायदे वर्षानुवर्षे अडून राहिले होते ते १८६२ साली झटपट मंजूर झाले. पाच वर्षे जमीन कसून राहणाऱ्या कुटुंबास १६० एकर सरकारी जमीन, पूर्व-पश्चिम जोडणारी रेल्वे, आणि शेतकी व यंत्रविद्या शिकविणारी महाविद्यालये, ही त्या युद्धवर्षाची फळे होत. परंतु ती पश्चिमेकडील जमीन रिकामी नव्हती. तेथील मूळच्या लोकांना मागे रेटूनच ती देण्यात आली. १८६३ साली सक्तीची सैन्यभरती सुरू झाली. तीनशे डॉलर भरणारास सूट मिळे. म्हणून हे युद्ध श्रीमंतांचे व लढणे गरिबांचे, अशी कुरकुर झाली. त्या जुलैत न्यूयॉर्क शहरात भयंकर दंगा झाला. गरीब गोऱ्या लोकांनी आपला सर्व राग निरपराध निग्रो लोकांवर काढला, त्यांच्या अनाथ मुलांचा आश्रम जाळला, आणि शंभराहून अधिक माणसे मेली. मोठ्यांवरचा राग दुबळ्यांवर काढण्याची ही रीत कोणत्याही एका देशाची नव्हे.

आता परराष्ट्रांचे पाहू. दक्षिणेचा सर्व भरवसा कापसावर होता. इंग्लंडच्या लँकेशर परगण्यातील गिरण्या दक्षिणेच्या कापसावर चालत. तो बंद झाला म्हणजे इंग्लंड व फ्रान्स आपल्या साहाय्यास येतील, असा दक्षिणेचा हिशेब होता. १८६१ च्या नोव्हेंबरात एक मोठे संकट आले. ट्रेंट नावाच्या इंग्रज आगबोटीतून दक्षिणेचे दोन वकील युरोपास जात असता विल्क्स नावाच्या उत्तरेच्या कप्तानाने ती बोट भर समुद्रात थांबवून त्या दोघांस पकडले. उत्तरेत आनंदीआनंद झाला. इंग्लंडात संतापाची लाट उसळली व कानडात जादा फौज रवाना झाली. राणी व्हिक्टोरियाचे पती आल्बर्ट यांनी मरणोन्मुख असता इंग्लंडच्या खलित्याची भाषा सौम्य करविली. लिंकन यांनी नाताळच्या दिवशी मंत्र्यांस बोलावून विचार केला, आणि दुसऱ्या दिवशी दोघा कैद्यांस सोडून देण्याचे ठरले. लोकांच्या टाळ्या एका बाजूस आणि देशाचे हित दुसऱ्या बाजूस असता त्यांनी देशाचे हित पाहिले. एका वेळी एकच युद्ध पुरे, असे त्यांचे धोरण होते. फ्रान्सच्या बादशहाने मेक्सिकोत फौज घातली तेव्हाही त्यांनी निषेधापलीकडे पाऊल टाकले नाही.

हे दूरचे भांडण आपल्या मुलखाशीही निगडित होते. १८१३ साली गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी मुंबईस आले, तेव्हा इंग्लंड व अमेरिका यांच्यात युद्ध चालू होते, आणि त्यांना परत जाण्याचे हुकूम मिळाले होते. ट्रेंट प्रकरणातून युद्ध पेटले असते तर नगर जिल्ह्यात १८३१ पासून चाललेल्या कामावर काय प्रसंग आला असता, याची कल्पना वाचकांनी करावी. दुसरे असे की, अमेरिकेचा कापूस बंद झाल्यामुळे वऱ्हाड, खानदेश व गुजराथ येथील कापसाला कधी नव्हे असा भाव आला. मुंबईत पैशाचा पूर लोटला, नवनव्या कंपन्या निघाल्या, समुद्र हटवून जमीन करण्याच्या योजनांवर लोकांनी घरदार लावले. १८६५ साली युद्ध संपल्याची बातमी आली, भाव कोसळले, आणि कित्येक पेढ्या बुडाल्या. आपल्या शेताच्या बांधावर उभा असलेला शेतकरी कोणाच्या युद्धाने वर चढतो व कोणाच्या तहाने खाली येतो, हे त्याला बहुधा कोणी सांगत नाही.

लँकेशरच्या गिरणीकामगारांची गोष्ट याहून निराळी आहे. कापूस नाही, काम नाही, घरात अन्न नाही, अशी त्यांची स्थिती झाली; तरीही १८६२ च्या अखेरीस मँचेस्टर येथील कामगारांनी सभा भरवून दासांच्या सुटकेविषयी लिंकन यांना आपली सहानुभूती कळविली, आणि लिंकन यांनी त्यांच्या या त्यागाबद्दल मोठ्या आदराने उत्तर पाठविले. पोटाला चिमटा बसत असता दुसऱ्याच्या बेड्या तुटाव्या अशी इच्छा करणे हे सोपे नव्हे.

त्या सुटकेची हकीकत अशी. आरंभी लिंकन यांचे युद्ध राज्य एकत्र राखण्यासाठी होते. गुलामगिरी असलेली चार संस्थाने उत्तरेबरोबरच राहिली होती; ती बिथरू नयेत म्हणून १८६१ साली एका सेनापतीने मिसूरी प्रांतात बंडखोरांच्या दासांना मुक्त केल्याचा हुकूम काढला तो लिंकन यांनी रद्द करविला. दासमुक्तीसाठी झटणाऱ्या पुष्कळ भाविक लोकांना तेव्हा फार वाईट वाटले. परंतु युद्ध लांबले, आणि दासांच्या श्रमावर दक्षिणेची फौज उभी आहे हे उघड झाले. खुद्द दासही हजारोंनी पळून उत्तरेच्या छावण्यांत येऊ लागले. १८६२ च्या फेब्रुवारीत लिंकन यांचा अकरा वर्षांचा मुलगा विली वारला. त्या दुःखाच्या वर्षातच त्यांचा निश्चय झाला. सप्टेंबरात अँटीटम येथील लढाईनंतर त्यांनी जाहीर केले, आणि १८६३ च्या जानेवारीच्या १ ल्या तारखेस हुकूम काढला की, बंडखोर मुलखातील सर्व दास मुक्त आहेत. शांततेच्या काळात हा अधिकार त्यांना नव्हता. सेनापती या नात्याने युद्धाची गरज म्हणून तो त्यांनी वापरला. म्हणूनच उत्तरेकडे राहिलेल्या चार संस्थानांतील दास त्या हुकमाने सुटले नाहीत. तरी त्या दिवसापासून युद्धाचे रूप पालटले. सुमारे १,८०,००० निग्रो शिपाई उत्तरेच्या फौजेत लढले. त्यांना प्रथम गोऱ्यांहून कमी पगार मिळे, तो १८६४ साली बरोबरीचा करण्यात आला. आणि गुलामगिरी राखण्यासाठी लढणाऱ्या पक्षास उघड साहाय्य करणे इंग्लंडच्या सरकारला फार कठीण झाले.

१८६४ साली अध्यक्षाच्या निवडणुकीची वेळ आली. युद्ध चालू आहे, तेव्हा निवडणूक पुढे ढकलावी, असे सुचविणारे होते. लिंकन यांनी ते मानले नाही. बंडाच्या भयाने निवडणूक सोडली, तर बंडाने आपल्याला जिंकलेच म्हणावयाचे, असा त्यांचा विचार होता. ऑगस्टात आपला पराभव होणार अशी त्यांची खात्री झाली होती. तेव्हा त्यांनी एक कागद लिहिला की, मी हरलो तर नव्या अध्यक्षाशी सहकार्य करून त्याने कारभार हाती घेण्यापूर्वी राज्य वाचविण्याची खटपट करीन. आणि तो कागद घडी घालून मंत्र्यांकडून न वाचताच सह्या करवून ठेवून दिला. तुरुंगाच्या किल्ल्या व लाखो शिपायांची फौज हाती असता पायउतार होण्याची अशी तयारी करणारे राज्यकर्ते इतिहासात थोडेच आढळतात. सप्टेंबरात अटलांटा शहर पडले, वारे फिरले, आणि नोव्हेंबरात ते पुन्हा निवडून आले.

युद्धाच्या हुकमाने दिलेली मुक्ती युद्धाबरोबर संपेल, हे त्यांनी ओळखले होते. म्हणून सर्व देशातून गुलामगिरी नाहीशी करणारी राज्यघटनेची तेरावी दुरुस्ती १८६५ च्या जानेवारीत प्रतिनिधिसभेत मंजूर होईपर्यंत त्यांनी जिवाचे रान केले. त्याच वर्षी डिसेंबरात ती अमलात आली. मार्चमध्ये दुसऱ्यांदा कारभार हाती घेताना त्यांनी जे भाषण केले त्यात विजयाचा गर्व नव्हता. दोन्ही पक्ष एकाच देवाची प्रार्थना करितात, परंतु हे युद्ध दास्याच्या पापाबद्दल उत्तर व दक्षिण या दोघांवरही आलेला देवाचा न्याय असू शकेल, आणि आता कोणाविषयी वैर न धरता जखमा बांधल्या पाहिजेत, असा त्याचा आशय होता. एप्रिलच्या ९ व्या तारखेस दक्षिणेचे सेनापती ली शरण आले. १४ व्या तारखेस, उत्तम शुक्रवारी रात्री, नाटकगृहात एका मारेकऱ्याने लिंकन यांच्यावर गोळी झाडली व दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा अंत झाला. चार वर्षांच्या त्या युद्धात सहा लाखांहून अधिक माणसे मेली होती.

लिंकन यांच्या पश्चात १८६६ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, जेथे मुलकी न्यायालये चालू आहेत तेथे फौजी न्यायमंडळाने नागरिकांचा न्याय करू नये. म्हणजे लिंकन यांच्या अंमलात घडलेली एक गोष्ट चुकीची ठरली. १८७२ साली प्राप्तीवरचा तो करही बंद झाला. त्याच वर्षी, इंग्लंडात बांधलेल्या जहाजांनी केलेल्या नुकसानीबद्दल इंग्लंडने अमेरिकेस १,५५,००,००० डॉलर द्यावे असा लवादाने निर्णय दिला, इंग्लंडने तो मानला, आणि तलवारीवाचून तंटा मिटला. परंतु मुक्त झालेल्या लोकांस मिळालेले मताचे व बरोबरीचे हक्क दक्षिणेत लवकरच काढून घेण्यात आले. ते खऱ्या अर्थाने परत मिळण्यास १९६४ व १९६५ सालचे कायदे व्हावे लागले. युद्ध बेडी तोडू शकते, पण मनातील उच्चनीचभाव काढू शकत नाही. आपल्याकडे जोतीराव फुले यांनी १८७३ साली आपले गुलामगिरी हे पुस्तक दास्यविमोचन करणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांस अर्पण केले, त्याचे कारण हेच की, अशीच बेडी त्यांना या भूमीत दिसत होती.

प्रिय वाचकहो, या चरित्रापासून आपण काय घ्यावे? अधिकार देवापासून आहे असे पौल प्रेषित शिकवितो, म्हणून आपण राज्यकर्त्यांसाठी प्रार्थना करितो. परंतु नाथानालाही देवानेच पाठविले होते, हे विसरू नये. युद्धाचे ढग जमले की वर्तमानपत्रे गर्जू लागतात, शेजाऱ्याविषयी संशय वाढतो, आणि प्रश्न विचारणारा तो देशद्रोही असे वाटू लागते. अशा वेळी आपल्या उपदेशकांनी मंडळीस तीन गोष्टी विचारावयास शिकवावे: हा अधिकार कशाकरिता घेतला जात आहे, त्याचे ओझे कोणाच्या पाठीवर पडत आहे, आणि तो परत केव्हा दिला जाणार आहे. असे विचारणे ही बेइमानी नव्हे. मेक्सिकोच्या युद्धात लिंकन यांनी तेच केले होते. गावच्या पंचायतीत व मंडळीच्या पंचांतही भांडणाच्या दिवसांत एखाद्याच्या हाती सर्व कारभार जातो, आणि भांडण मिटले तरी तो परत येत नाही. तेथेही हीच कसोटी लावावी. जो राजांचा राजा दासाचे रूप घेऊन आला व ज्याने आपला अधिकार स्वतःसाठी धरून ठेवला नाही, तो प्रभू सर्व देशांच्या राज्यकर्त्यांस नम्रता देवो, आणि दीनांची बेडी जेथे जेथे अजून आहे तेथे ती रक्तपाताशिवाय तुटो.